तुळजाक्कांचे ट्रंक कॉल

मागच्या महिन्यात माझी भाची पुण्याहून आली ती पत्त्यांची एक चकचकीत पेटी घेऊनच. नेहमीचे पत्ते नव्हेत. एका पत्त्यावर गावाचं चित्र, एकावर दोन माणसं, एकावर नुसतं एखादं वाक्य. पत्ते उचलायचे आणि त्यावरून गोष्ट रचत एकमेकांशी बोलायचं. "मावशी, परदेशात हे खूप चालतं. लोक बोलायचंच विसरलेत ना," असं ती मला समजावून सांगायला लागली. मी म्हटलं, बाई गं, मला नको शिकवूस. हा खेळ मी चौऱ्याण्णव साली बंगळूरला, यशवंतपुरात, साडीच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर खेळलेय. भाचीला ते खरं वाटेना, म्हणून मी सांगायला बसले. सांगता सांगता दुपारची संध्याकाळ झाली. तुळजाक्कांबद्दल आजवर मी कुणालाच धड काही सांगितलं नव्हतं, हे तेव्हा लक्षात आलं.

आमचे हे सरकारी कारखान्यात इंजिनिअर. नोकरीसाठी साताऱ्याहून थेट बंगळूर गाठलेलं. घर बघायला गेलो तेव्हा ह्यांनी दारातच हिंदीत सुरुवात केली. कारखाना कुठला, माणसं किती, पाणी कधी येतं, वरच्या मजल्याला वेगळा जिना आहे का, सगळं एका दमात. समोर एक ठेंगणी, वाळकी बाई उभी होती. इरकलीचा पदर घट्ट खोचलेला, डावा हात डाव्या कानावर दाबलेला, मान किंचित कलती. मध्ये हूं नाही की चूं नाही. ह्यांचं बोलणं संपलं तरी ती आणखी जरा थांबली, काही राहिलं नाही ना याची खात्री करावी तशी. मग म्हणाली, "मराठी बोला की. आम्ही पण मराठीच." ह्यांचं तोंड तेव्हा बघण्यासारखं झालं होतं. याच आमच्या घरमालकीण तुळजाक्का; त्या खाली, आम्ही वर.

तुळजाक्कांचं घराणं मूळचं चिकपेटेतलं, कापड रंगवणाऱ्यांचं. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी कुणी पूर्वज देशावरून खाली आला आणि इथलाच झाला. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. 'स्वल्प थांब गं', 'सरी, तसंच करू', 'अय्यो, एवढं काय त्यात' अशी त्यांची मराठी. आधी मला हसू यायचं, मग सवय झाली, आणि वर्षभरात मीच भाजीवाल्याला 'स्वल्प' म्हणायला लागले. गंमत म्हणजे मराठी त्यांना वाचता येत नव्हती. शाळा सगळी कन्नड. मराठी लिहायची झाली तर कन्नड अक्षरांत लिहायच्या. एकदा त्यांची वाण्याची यादी माझ्या हातात आली. मी म्हटलं, "अक्का, या काय जिलब्या पाडल्यात?" तर म्हणाल्या, "आणि तुमची अक्षरं काय गं? दोरीवर वाळत घातलेले कपडे!" मी गप्प बसले. मला गप्प बसवणारी माणसं आयुष्यात फार भेटली नाहीत.

नोकरी त्यांची ट्रंक एक्स्चेंजमध्ये. तीस वर्षं कानाला यंत्र लावून बसलेल्या. तेव्हा परगावी फोन करायचा तर आधी नोंदवावा लागे, मग ऑपरेटर त्या गावच्या ऑपरेटरला गाठून दोन्हीकडची माणसं जोडून देई. प्रत्येक कॉलचं एक तिकीट लिहायचं, समोरच्या फळीवरच्या भोकात दोरीसारखी वायर खोचायची, दोघं बोलायला लागले की आपण बाजूला व्हायचं. तीन मिनिटं झाली की सांगायचं, 'तीन मिनिटं झाली, वाढवायचं का?' हे सगळं मला त्यांनीच समजावलं होतं, पोळपाटावर चार वाट्या आणि सुतळी घेऊन.

बंगळूरच्या बाहेर बाई जवळजवळ कधी गेली नव्हती, पण गावं सगळी ओळखीची. "नागपूर घसा खरवडल्यासारखं ऐकू यायचं. मद्रास म्हणजे पाण्याखालून कुणी बोलतंय. सोलापूरला दुपारी दोन ते चार लाइन रिकामी, सगळी झोपलेली." मी विचारलं, "आणि पुणं?" "पुण्याची ऑपरेटर आधी आपली चूक काढायची, मग नंबर द्यायची." आमचे हे खो खो हसले, कारण माझं माहेर पुण्याचं. नागपूरच्या एका ऑपरेटरबाईशी अक्कांची बावीस वर्षं ओळख. तिच्या लेकीच्या बारशापासून लग्नापर्यंत सगळं माहीत. तोंड मात्र कधी पाहिलं नाही. एकीनं दुसरीला फोटोसुद्धा पाठवला नाही, आणि तसं करावंसं दोघींना कधी वाटलं नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी हा खेळ काढला. चिकपेटेतल्या नातलगाच्या दुकानातून साडीच्या खोक्यांचे गुलाबी पुठ्ठे आणले, कात्रीनं सारखे कापले आणि तीन गठ्ठे केले. लिहिलं अर्थात कन्नड अक्षरांत; ज्याला वाचता येत नसे त्याला त्या सांगायच्या. एक गावांचा, एक नात्यांचा, एक निमित्ताचा. निमित्तं म्हणजे 'तार मिळाली का', 'लग्नाची तारीख पुढे ढकलायची आहे', 'रागावून गेलास, आता ये', 'काही काम नाही, सहज केला'. तिन्हीतला एकेक पत्ता ज्यानं उचलला त्यानं कॉल लावायचा, डावीकडच्यानं घ्यायचा. दोघांनी पाठीला पाठ लावून बसायचं, कारण फोनवर तोंड दिसत नाही. मध्ये अक्का, मांडीवर गजराचं घड्याळ घेऊन. तीन मिनिटं झाली की त्या सांगणार, आणि बाकीच्यांना ऐकावंसं वाटत असेल तर ते बोट वर करणार. मग आणखी तीन मिनिटं. ज्याचा कॉल जास्त वाढला तो जिंकला. एक नियम मात्र कडक: कॉल चालू असताना तिसऱ्यानं तोंड उघडायचं नाही. हसू आलं तर पदर तोंडात कोंबायचा.

रविवारी दुपारी चारला आम्ही पाच जण जमायचो. मी, आमचे हे, शेजारच्या सरोजम्मा, पलीकडच्या गल्लीतले देवधरकाका आणि अक्का. सरोजम्मांना मराठी कळायची पण बोलता येत नसे. त्या कन्नडमध्ये बोलायच्या, मी मराठीत, आणि कॉल बिनघोर चालायचा. माझ्या पहिल्याच कॉलला 'मद्रास', 'व्याही' आणि 'लग्नाची तारीख पुढे ढकलायची आहे' असं आलं. पलीकडे आमचे हे. मी त्यांच्याशी असं कडाक्याचं भांडले की चार वेळा कॉल वाढला. अक्का म्हणाल्या, "शालू, तुझ्यासारखी गिऱ्हाइकं असती तर आम्हाला जेवायला सुट्टी मिळाली नसती." त्या परक्या गावात मला त्या दिवशी पहिल्यांदा घरी असल्यासारखं वाटलं.

देवधरकाका नाशिकचे, बायको गेलेली, एकुलता एक मुलगा अमेरिकेत. त्यांना एकदा 'मुलगा' हा पत्ता आला आणि निमित्त 'काही काम नाही, सहज केला'. मी मुलगा झाले. काका म्हणाले, "काय रे, बरा आहेस ना? थंडी आहे का? बरं, ठेवतो." वीस सेकंदसुद्धा झाली नसतील.

अक्का म्हणाल्या, "तीन मिनिटं आहेत. बोला."

"काय बोलू? सगळं झालं विचारून."

"मग न विचारता बोला. आज सकाळी काय केलंत ते सांगा त्याला."

माझ्या पाठीला काकांचा श्वास कळत होता. मग म्हणाले, "सकाळी दूध उतू गेलं रे. तुझी आई असती तर बोलली असती. कुणी बोललं नाही, म्हणून मीच मला बोललो." पुढे कितीतरी वेळ ते बोलले, दुधाबद्दल, ओट्याबद्दल, आईच्या एका पातेल्याबद्दल. सगळी बोटं वर. पुढच्या रविवारी काकांनी सांगितलं की खऱ्या मुलाशीही तसेच बोलले, आणि तो पलीकडून म्हणाला, "बाबा, ठेवू नका अजून."

हे सगळं घडायचं त्या बाईच्या ऐकण्यामुळे. असं ऐकणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. कुणी बोलायला लागलं की डावा हात आपोआप कानावर जायचा. मध्ये 'मग?' नाही, 'हो ना, माझंपण असंच झालं' नाही. गल्लीतल्या बायका आपली उणीदुणी त्यांच्यापाशी ओतून मोकळ्या व्हायच्या, पण त्यांच्याकडून इकडचं तिकडे अक्षर गेलं नाही. मला राग यायचा. मी म्हणायची, "अक्का, एवढं पोटात ठेवून अपचन होत नाही का? मला सांगा की थोडं." त्या म्हणायच्या, "बोलणाऱ्याला मध्ये तोडू नये आणि ऐकलेलं पुढं नेऊ नये. एवढं पाळलं तरी पुष्कळ." मला वाटायचं, नोकरीची शिस्त आहे, दुसरं काय.

दीड-दोन वर्षांत पुठ्ठे मऊ पडले, कोपरे झिजले. मी म्हटलं, नवे करू, तुमच्या अक्षरांत आणि माझ्याही. तोवर मी त्या पत्त्यांवरूनच कन्नड अक्षरं ओळखायला शिकले होते. एक दुपार बसून मी सगळे पत्ते उतरवले. नात्यांचा गठ्ठा मोठा होता. आई, बाप, मुलगा, सून, नणंद, भाऊ, मेव्हणा, व्याही, घरमालक, शेजारी, शाळेतली मैत्रीण, अगदी सवतसुद्धा होती. बहीण नव्हती. मी दोनदा मोजले. म्हटलं, बघा, सवत आठवली पण बहीण विसरल्या! मोठ्या हौशीनं मी पत्ता केला, वर 'बहीण' आणि खाली तोच शब्द कन्नड अक्षरांत, माझ्या हातानं लिहिलेला पहिला. अक्कांना दाखवून शाबासकी घ्यायची होती, पण मग वाटलं, खेळात निघू दे, मजा येईल.

तो त्याच रविवारी निघाला. सरोजम्मांच्या हातात आला आणि कॉल माझ्याकडे होता. सरोजम्मांना मंड्याला खरीच बहीण आहे. त्यांनी कन्नडमधून सुरुवात झकास केली, "काय गं, तू मला विसरलीस," वगैरे. मी उत्तर देतेय, आमचे हे पदराऐवजी रुमाल तोंडात कोंबून बसलेत, आणि अचानक अक्का म्हणाल्या, "बंद करा."

आम्हाला कळेचना. मिनिटसुद्धा झालं नव्हतं. ज्या बाईनं दोन वर्षांत कुणाला अर्ध्या शब्दावर तोडलं नाही, तिनं कॉल तोडला होता.

"हा पत्ता कुणी घातला?"

"मी घातला," मी म्हटलं. "राहून गेला होता, अक्का."

"राहून गेला नव्हता," त्या म्हणाल्या. घड्याळ ओट्यावर ठेवलं आणि आत गेल्या. आम्ही पत्ते गोळा करून आपापल्या घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला खाली बोलावलं. थंडीचे दिवस होते, त्यांच्यासमोर अवरेकाईचा, म्हणजे आपल्या पावट्याच्या शेंगांचा ढीग. मीही सोलायला बसले. त्या खाली बघून सोलत होत्या आणि खाली बघूनच बोलल्या.

अंबू त्यांची धाकटी बहीण, बारा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा अंबू तीन वर्षांची. हिनंच तिला न्हाऊमाखू घातलं, शाळेत घातलं, वेणीला फुलं माळली. स्वतःच्या लग्नाचा विचार 'अंबूचं झाल्यावर' म्हणून बाजूला ठेवला. एका दुपारी एक्स्चेंजमध्ये त्यांच्या टेबलावर धारवाडचं तिकीट आलं. नोंदवणारा नंबर चिकपेटेतल्या, त्यांच्या तेव्हाच्या घरासमोरच्या दुकानाचा. वायर खोचली, धारवाड लागलं, आणि इकडून अंबूचा आवाज आला.

"तिथंच बाजूला व्हायचं असतं," अक्का म्हणाल्या. "दोघं बोलायला लागले की आपण नाही. मी राहिले."

पलीकडे कुणी मास्तर होता. वेगळ्या जातीचा. अंबूनं त्याला विचारलं, "रविवारी सकाळच्या गाडीनं निघून येऊ का? तू स्टेशनवर येशील?"

"आणि मी वायर ओढली."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. त्या म्हणाल्या, "अंबूची बाजू तोडली मी. त्याची बाजू माझ्या कानातच होती. त्याला काय माहीत मध्ये कोण आहे ते. तो म्हणाला, 'ये. मी पहाटेपासून उभा राहतो.' ते मी ऐकलं, शालू. तिनं नाही."

अंबूला वाटलं, त्यानं फोन ठेवला. तिनं पुन्हा नोंदवला. तिकीट पुन्हा याच टेबलावर. अक्कांनी त्यावर लिहिलं, 'उत्तर नाही'. तिसऱ्यांदा आलं, तिसऱ्यांदाही तेच. संध्याकाळी घरी जाऊन वडिलांना सांगितलं. महिनाभरात अंबूचं हुबळीला लग्न झालं. वडिलांनी रागाच्या भरात 'तुझ्या अक्कानंच सांगितलंय' म्हणून टाकलं होतं, त्या दिवसापासून ती हिच्याशी बोलली नाही. वडील गेले तेव्हा आली, तोंड फिरवून बसली आणि गेली. त्या फोनला आता चोवीस वर्षं झाली होती. ऐकलेलं वडिलांना सांगितलं हे अंबूला माहीत होतं. वायर ओढली हे माहीत नव्हतं. आणि त्याचं उत्तर तर नव्हतंच माहीत.

"वडिलांना भ्यालात?" मी विचारलं.

"नाही गं. तसं सगळ्यांना सांगितलं असतं मी. खरं म्हणजे तिनं मला सांगितलं नव्हतं, याचा राग आला. मी वेणी घातलेली पोर, मला न सांगता जाते? मला?"

लोकांना वाटेल की मला दया आली असेल. नाही आली. राग आला, आणि तो मी बोलून दाखवला. "अक्का, तुम्ही त्या पोरीचा जन्म तोडलात. वर आम्हाला शिकवता, मध्ये बोलू नका म्हणून?" त्या 'हो' म्हणाल्या. एवढंच. मी शेंगा तशाच टाकून वर निघून आले आणि पुढचे दोन रविवार खाली उतरले नाही.

देवधरकाका जिन्यात भेटले. त्यांना अक्कांनी सगळं सांगितलं होतं. म्हणाले, "शालिनीबाई, रागवा. पण तिथं जाऊन रागवा. तुम्ही नाही म्हणून खेळ नाही, आणि बाई दोन्ही रविवारी चार वाजता मांडीवर घड्याळ घेऊन एकट्या बसल्या होत्या." मला स्वतःची लाज वाटली. तशीच खाली गेले.

अक्का म्हणाल्या, "मी रोज बूथवर जाते. अंबूचा नंबर पाठ आहे. तिचा नवरा गेला, लेकाकडे असते. आता काय, आपणच फिरवायचा नंबर, मध्ये कुणी नसतं. घंटी वाजते, ती 'यारु?' म्हणते, कोण म्हणून विचारते, आणि मी ठेवते."

"आता सांगून काय मिळणार तिला?" मी विचारलं. "तो मास्तर असेल की नसेल. तिची नातवंडं खेळायला लागली असतील. उगाच जखमेवरची खपली काढायची."

"तिचा निरोप आहे तो, शालू. माझ्यापाशी अडकलाय. त्यानं फोन ठेवला, आपण नकोशा झालो, असं वाटून ती जगली असेल. मी मेले तर तो माझ्याबरोबर जाईल. तिनं मला माफ करू नये. पण तिचं आहे ते तिला मिळायला हवं."

मी म्हटलं, "चला, उठा. आत्ता."

रविवार होता, सकाळचे दहा. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर हीऽ गर्दी. आमचा नंबर आला. अक्का काचेच्या खोलीत गेल्या, मी बाहेर दाराला पाठ लावून उभी राहिले. काचेतून शब्द ऐकू येत नव्हते. पहिल्यांदा त्या काही बोलल्या नाहीत, आणि त्यांचा हात फोन खाली ठेवायला निघालेला मला दिसला. मी काचेवर अशी थाप मारली की बूथवाला दचकला. मग त्या बोलायला लागल्या. भराभर नाही. एकेक शब्द सुटा करून, डोळे मिटून. माझ्यामागचा माणूस कन्नडमध्ये करवादायला लागला, किती वेळ म्हणून. मी त्याला शुद्ध मराठीत सुनावलं आणि त्याला ते बरोबर समजलं.

बोलणं थांबलं तरी अक्का फोन कानाला लावून उभ्याच होत्या. खूप वेळ. ओठ हलत नव्हते. मग त्यांनी फोन हळूच जागेवर ठेवला आणि बाहेर आल्या.

"काय म्हणाली?"

"काही नाही."

"म्हणजे? ऐकलं तरी का?"

"सगळं ऐकलं. श्वास येत होता ना. तो 'ये' म्हणाला होता, हे मी दोनदा सांगितलं. मग किती वेळ नुसता श्वास. मग तिनं ठेवला."

मला तर असा संताप आला की मीच पुन्हा नंबर फिरवून त्या बाईला चार शब्द सुनावणार होते. अक्कांनी माझा दंड धरला. "बेड, शालू. नको. तिनं मध्ये तोडलं नाही, तेच पुष्कळ झालं."

चार दिवसांनी अक्कांनी जाहीर केलं की त्या हुबळीला चालल्या आहेत. बोलावणं नाही, पत्र नाही. आमचे हे म्हणाले, "अक्का, अशा न कळवता?" त्या म्हणाल्या, "फोनवर सांगणं सोपं असतं हो. तोंड दिसत नाही. एकदा तोंड दाखवायला हवं."

यशवंतपूर स्टेशनवर सोडायला मीच गेले. सकाळची गाडी. एक कापडी पिशवी, त्यात दोन पातळं आणि सोललेल्या पावट्याचा डबा. आयुष्यभर गावं जोडणारी ती बाई गाडीत चढताना माझा हात सोडेना. गाडीचा डबा सापडेपर्यंत तीनदा तिकीट काढून बघितलं. खिडकीशी बसवून दिलं तेव्हा मी विचारलं, "दार उघडलं नाही तर?"

"तर परतीची गाडी असते की."

"आणि उघडलं तर काय बोलणार?"

"मी नाही बोलणार. चोवीस वर्षांचं तिचं राहिलंय. तिनं बोलायचं. शिव्या घालू दे, मारू दे."

गाडी हलली. मी हात हलवला. त्यांनी हलवला नाही, त्या समोर बघत पिशवी छातीशी धरून बसल्या होत्या. साठीची बाई, पण शाळेत पहिल्या दिवशी सोडलेल्या पोरीसारखी दिसत होती. ते माझं त्यांना शेवटचं बघणं. पुढे आमची बदली हैदराबादला झाली, घर त्यांच्या नातलगाच्या ताब्यात देऊन आम्ही गेलो. पण ते शेवटचं आहे हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

'तीन-चार दिवसांत येते' म्हणून गेलेल्या अक्का सहा दिवस झाले, आठ झाले, तरी आल्या नाहीत. माझ्या डोक्यात नाही नाही ते विचार. दार लावून घेतलं असेल तर? कुठं स्टेशनवर बसून राहिल्या असतील तर? गाडीतच काही झालं असेल तर? देवधरकाका रोज येऊन विचारायचे आणि मी त्यांच्यावर चिडायची. अकराव्या दिवशी दुपारी अक्कांच्या वहीतून नंबर शोधला. कन्नड आकडे होते, पण तोवर मला ते येत होते. बूथवर गेले. घंटी वाजली, पाच-सहा वेळा वाजली, मग कुणीतरी उचलला.

"यारु?"

बाईचा आवाज. अक्कांचा नव्हे. जरा कडक. माझी कन्नड ऐन वेळी दगा देऊन गेली. मी मराठीतच म्हटलं, "मी बंगळूरहून बोलतेय. अक्कांच्या घरात वरच्या मजल्यावर राहते. तुळजाक्का आहेत का तिथं? बऱ्या आहेत ना? जरा बोलावता का त्यांना?"

पलीकडे कुठं तरी ताटावर वाटी ठेवल्याचा आवाज झाला.

"नाही बोलावत," ती बाई मराठीत म्हणाली. "अक्का आत्ताच पानावर बसलीय. मी वाढतेय. मधेच उठवणार नाही तिला मी. तुम्ही संध्याकाळी करा."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.